दोन्ही टोकांनी बंद

प्लंबरच्या मेहुणीला घरात सगळे धाकटी म्हणत. नोकरीसाठी ती परदेशी गेली तेव्हा कपड्यालत्त्यांनी दोन बॅगा फुगवून घेऊन गेली, पण टेबलावर पूल खेळायची काठी, जीव की प्राण असलेला तिचा क्यू मात्र बहिणीच्या कपाटात ठेवून गेली. विमानात लाकडाचं काय होईल याचा तिला भरवसा नव्हता. पुढे तिथल्या क्लबात स्पर्धा लागली, क्लबातले क्यू काही केल्या हाताला बसेनात, आणि एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"भावजी, माझा क्यू पाठवाल का? पण जपून हं. विमानाच्या पोटात गारठा, खाली उतरला की ऊन, मध्येच दमट हवा. लाकूड जरा वाकलं तरी संपलं. आणि ते लोक सामान ठेवत नाहीत, भिरकावतात."

"तू निर्धास्त राहा," प्लंबर म्हणाला.

त्याच्या बायकोने शिलाई मशीनवरून मान वर केली. नवरा कोणाला निर्धास्त राहा म्हणाला की तिला धास्ती वाटायची. त्याचा हात कामाला चोख, पण थांबायचं कुठे हे त्या हाताला ठाऊक नव्हतं. शेजाऱ्यांनी एकदा गळका नळ दाखवला, तर याने स्वयंपाकघरातली अख्खी लाइन बदलून दिली होती.

"खोक्यात घालून द्या ना," ती म्हणाली. "दोन तुकड्यांची तर काठी ती."

"खोकं चेपतं. पाइप चेपत नाही."

त्याने जाड भिंतीचा पाइप कापला, त्यात फरशी पुसायच्या मॉपचा दांडा कोंबला आणि गॅलरीतून सरळ खाली अंगणात सोडला. आवाज ऐकून वॉचमन धावत बाहेर आला. दांडा शाबूत होता. खात्री म्हणून प्लंबरने तोच पाइप गच्चीवरून सोडला, तेव्हा वॉचमन केबिनमधून बाहेरच आला नाही, खिडकीतून नुसता बघत राहिला.

पाइप पास झाला. बायकोने क्यूच्या दोन्ही तुकड्यांना मऊ कापडाच्या पिशव्या शिवल्या, फोमचे तुकडे आणून पाइपमध्ये भरले. बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्याही प्लंबरने शोधून आत टाकल्या. राहिली दमट हवा. हवा आत शिरलीच नाही तर लाकूड वाकेल कशाला, असा साधा हिशेब त्याने मांडला, आणि पाण्याची लाइन जोडावी तशी दोन्ही टोकांना सोल्युशन लावून टोपणं पक्की चिकटवली. मग पाइप पाण्याच्या टबात बुडवून बघितला. एक बुडबुडा आला नाही. बायकोला हाक मारून त्याने तो न आलेला बुडबुडा दाखवला.

कुरिअरच्या ऑफिसात तपासणीच्या मशीनमधून पाइप निघाला, काउंटरवरच्या मुलीने त्यावर 'नाजूक' असं स्टिकर लावलं. प्लंबरने आणखी मागून घेतली आणि पाइपला पार सजवून टाकलं. परतताना स्वारी खुशीत होती.

"एक विचारू?" बायको म्हणाली. "तिने ते उघडायचं कसं?"

प्लंबर भर रस्त्यात थांबला. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवून थकला.

पाइप पोचला त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर धाकटी दात-ओठ खात टोपण पिळत होती.

"भावजी, फिरत नाहीये."

"ते फिरणार नाही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्याकडे करवत आहे का?"

धाकटीने फोन टेबलावर टेकवून ठेवला. मग शेजाऱ्याचं दार ठोठावून छोटी करवत घेऊन आली.

"एका टोकाला चार बोटं नुसता फोम आहे. तिथून काप. दुसऱ्या टोकाला मात्र क्यूचं तोंड अगदी टोपणाला टेकलंय."

"यातलं कुठलं टोक?"

प्लंबर स्क्रीनवर वाकला. "दोन्ही टोकं टिचकी मारून ऐकव." रोज पाइपांना कान लावणारा माणूस, त्याने डोळे मिटून ऐकलं आणि छातीठोकपणे सांगितलं, "पहिलं. पहिलंच."

"दुसरं," मागून बायको म्हणाली. "पाइपवरची छापील अक्षरं जिथून सुरू होतात ना, तिथे क्यूचं तोंड आहे. त्या बाजूला हात लावू नकोस."

"अगं, मी आवाज ऐकला."

"आणि मी फोम भरला."

धाकटीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "भावजी, राग मानू नका. मी ताईचं ऐकते."

करवत चालू झाली. प्लंबर खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. टोपण तुटून पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ बायकोचं "बघ, फोमच आहे". तेव्हा कुठे तो वळला. धाकटीने दोन्ही तुकडे जोडून क्यू टेबलावर घरंगळत सोडला. कुठे उसळी नाही, डुगडुग नाही, लाकूड सरळच्या सरळ. मग तिने पाइपमध्ये टॉर्च मारून पलीकडचं टोक बघितलं, तिथे फोमचा कपटाही नव्हता, आणि ती हसत सुटली.

"भावजी, तुमच्या पहिल्या टोकाला कापलं असतं तर आज क्यूला तोंडच राहिलं नसतं."

प्लंबरने हात जोडले.

स्पर्धेत ती दुसऱ्या फेरीत हरली. क्यूचा दोष नव्हता, नेमच चुकला, असं तिनेच कबूल केलं. पण क्लबातल्या दोघीजणींना तो पाइप भलताच आवडला. त्यांना बाहेरगावी खेळायला जायचं होतं आणि तसलाच पाइप हवा होता. निरोप मिळाल्याबरोबर प्लंबर दुकानात जाऊन आटे पाडलेली, फिरवून उघडणारी टोपणं घेऊन आला.

पहिला पाइप तयार झाला तेव्हा बायकोने तो आपल्याकडे मागून घेतला. दोन्ही टोपणं उघडली, लावली, पुन्हा उघडली. मग डोळा लावून आरपार बघितलं आणि पाइप त्याच्या हातात दिला.

"हां," ती म्हणाली, "आता पाठवा."