मीराबाईंच्या पायाखालचा कोबा

मित्रांनो, मी एक जुना कोबा आहे. पुलगावात श्रावणरावांच्या दारापासून नळापर्यंत सिमेंटचं जे अंगण पसरलंय ना, तोच मी. माझ्यासारख्यावरून तुम्ही हजारदा चालला असाल, सायकल टेकवली असेल, कंचे खेळला असाल. पण खालच्याला कधी काही विचारलंय? नाही ना! विचारलं असतं तरी मला नीट सांगता आलं नसतं म्हणा. माझ्या आयुष्यात असं काही वर-खाली झालं, की मी आजही पुरता गोंधळलेला आहे.

माझा जन्म काही ठरवून झाला नाही. १९९२ च्या उन्हाळ्यात श्रावणरावांच्या घरावर स्लॅब टाकला. श्रावणराव दारूगोळ्याच्या डेपोत कामाला. डोक्यावर पहिल्यांदाच पक्कं छत येणार, म्हणून अर्धी गल्ली घमेली उचलायला आलेली. छत भरून झालं आणि खाली बराच माल उरला. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, याचं काय करू?" तिकडे जिलेबीचं पातेलं उघडलं होतं आणि सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. श्रावणराव म्हणाले, "दारापुढं टाक न! फेकाले थोडाच आनला?"

झालं, टाकला. तोच मी! खाली ना मुरूम, ना धुम्मस करून माती बसवलेली. थेट काळ्या मातीवर मला पसरलं आणि सगळे हात धुऊन जिलेबीला पळाले. मिस्त्री तेवढा भला. त्याने माझ्या ओल्या अंगावर सुतळी दाबून चौकटी पाडल्या, कोणाचा पाय घसरू नये म्हणून. तेवढाच माझा दागिना.

पण काय सांगू, सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. श्रावणरावांच्या बायको मीराबाई मला लेकरासारखं जपायच्या. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळायच्या. बुद्धपौर्णिमेला चटया पडायच्या, खिरीची पातेली यायची. शेजारच्या सीताबाई म्हणायच्या, "मीराबाई, तुमचं आंगन तं एकदम चकाचक हाय!" आणि मी कडक होऊन पडायचो. तसा मी कडकच होतो, पण तेव्हा जरा जास्त.

या घराची एक रीत होती. बाहेरून कोणीही आला, की आधी नळावर पाय धुवायचे, मगच घरात यायचं. पाहुणा असो की पोस्टमन. मीराबाई दारातूनच हाक द्यायच्या, "पाय धुऊन येजो रे!" ते पाणी माझ्या कडेच्या फटीतून खाली जायचं. पावसाळ्यात माझ्याखालची काळी माती फुगायची, उन्हाळ्यात भेगाळून आत जायची. मला वाटायचं, सगळ्या कोब्यांचं असंच होत असेल. विचारणार कोणाला? माझ्याच मालाचं छत होतं, पण ते फार वर.

असं करता करता नळाकडचं माझं टोक खचायला लागलं. आधी बोटभर, मग चांगलं वीतभर. मला काहीच कळेना. मी तर हललोही नव्हतो! जो यायचा तो नवीनच कारण सांगायचा. श्रावणराव म्हणायचे, "उंदरं हायेत खाली." शेजारचे बापूराव म्हणायचे, "सिमेंटच हलकं होतं." सीताबाईंचं म्हणणं, कोणाची तरी नजर लागली. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं. उंदीर मला कधी दिसला नाही, पण सगळेच सांगतात तर असेलही, असं वाटायचं.

त्याच काळात मीराबाईंच्या डोळ्यांत काचबिंदू शिरला. दवाखाने झाले, नागपूरच्या वाऱ्या झाल्या, पण नजर हळूहळू गेलीच. तुम्हाला वाटेल, बाई आता खाटेवर बसली असेल. छे! दारातून अनवाणी निघायच्या, तळपायाने माझ्या सुतळीच्या रेघा चाचपत सरळ नळावर जायच्या. उतार लागला की बरोबर एक पाय आखडून घ्यायच्या आणि हात पुढे केला की तोटी हातात. कोणी हात धरायला आलं की झिडकारायच्या. "मले पायानं दिसते! सरक तिकडं." दिवसभरात तेवढंच चालणं त्यांचं स्वतःचं उरलं होतं, मित्रांनो. बाकी सगळं दुसऱ्याच्या हाताने. म्हणून त्यांची पावलं माझ्यावर पडली, की मला फार बरं वाटायचं.

मग २००६ चा पावसाळा आला. माझ्या खोलगट टोकात पाणी साचलं, शेवाळ धरलं आणि मीराबाई घसरल्या. हाड मोडलं नाही, पण कंबर महिनाभर धरून होती. त्यांचा मुलगा विवेक संतापला. "आता एकटी बाहेर निघाची नाई, माय! सांगून ठेवतो."

"मंग मले खाटेलेच बांधून ठेव," मीराबाई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

श्रावणराव म्हणाले, कोबा फोडून टाकू. पण विवेक बुटीबोरीला एका कंपनीत होता. तिथे शीतगृहांच्या भिंतींत फुगणारा फोम भरायचे. तो म्हणाला, "बाबा, फोडाची गरज नाई. खालून फोम भरला तं कोबा आपोआप वर येते. मायले ताईकडे धाडू हिंगणघाटले. आली की तिले आंगन पयल्यासारखं भेटन!"

सगळ्यांना ही गंमत फार आवडली. मीराबाईंना काही न सांगता त्यांना लेकीकडे पाठवून दिलं.

विवेकच्या कंपनीतला हेमराज दोन पिंपं आणि एक यंत्र घेऊन आला. त्याने माझ्या अंगाला भोकं पाडली. आई गं! मग एक नळी घुसवली आणि आत काहीतरी पातळ सोडलं. फस्स आवाज आला, ऊब लागली आणि ते फुगायला लागलं. तव्यावर भाकर फुगते ना, तसं. फक्त भाकर माझ्या पोटाखाली होती! इतकी वर्षं मी खाली जात होतो, आणि आता कोणी न उचलता वर निघालो. हे काय चाललंय? मी मेलो की काय? गल्लीतले लोक "आला, आला!" म्हणून ओरडत होते. हेमराज समपातळीची नळी लावून बघत होता. "बस! आता सरळ झाला," तो म्हणाला. उंदीर एकही निघाला नाही. निघाली ती पाण्याने माती वाहून गेल्यामुळे झालेली पोकळी. "नळ इथून हलवा, नाई तं पुन्हा बसन," असं त्याने बजावलं. विवेकने त्याच दिवशी नळ पार कुंपणाच्या कोपऱ्यात नेला. भोकं बुजली. मी अगदी नवरदेवासारखा ताठ झालो आणि मीराबाईंची वाट बघत बसलो.

त्या आल्या. घरचे सगळे गालातल्या गालात हसत दारात उभे. मीराबाई पाय धुवायला निघाल्या आणि दारापुढून नेहमीसारखा पाय टाकला. रेघा लागल्या. मग उताराच्या जागी त्यांनी पाय आखडला, पण उतार नव्हताच! त्या दचकल्या, तोल सावरला, आणि हात पुढे केला. तोटी नव्हती. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. नुसती हवा.

"विवेक," त्या घाबरून म्हणाल्या, "अरे, मी कोनाच्या घरी आली?"

कोणाच्या तोंडावर हसू राहिलं नाही. मला तर वाटलं, पुन्हा खाली जावं, आत्ताच्या आत्ता! पण जाणार कसा? मी नीट झालो होतो ना!

पौर्णिमाने, म्हणजे सुनेने, त्यांना धरून पायरीवर बसवलं. सगळं ऐकून मीराबाई रडायला लागल्या. "तुमी नळाचं पायलं, कोब्याचं पायलं. मले काऊन नाई इचारलं रे? माह्या पायाले पाठ होतं सारं!"

"आता एकटी निघूच नको," विवेक पुन्हा म्हणाला.

"असं? मंग तू डोये मिट, अन जा नळावर."

विवेकने चप्पल काढली, डोळे मिटले आणि निघाला. चार पावलांत श्रावणरावांच्या सायकलवर जाऊन आपटला. मीराबाई रडता रडता हसल्या. विवेक मात्र हसला नाही. त्याने खाली बसून, डोळे मिटूनच माझी एक रेघ बोटाने चाचपली.

दुसऱ्या दिवशी माझ्या कडेपासून नव्या नळापर्यंत नवीन पट्टा टाकायचं ठरलं. या वेळी श्रावणरावांनी स्वतः मुरूम आणला, धुम्मस केली, वर माल पसरला. विवेक सुतळी दाबायला बसला, तेव्हा मीराबाई म्हणाल्या, "एक टोक मले दे." त्यांनी माझ्या जुन्या रेघेवर पाय ठेवला, तिथून सुतळी ताणून धरली आणि विवेकने ती थेट तोटीखाली नेऊन दाबली. पट्टा वाळल्यावर रोज सकाळी त्या एकट्या चालून बघायच्या. पौर्णिमा दारातून नुसती पाहायची, हात धरायची नाही. काही दिवस चुकल्या, चिडल्या, मला शिव्याही दिल्या. आणि मग एका सकाळी हात पुढे केला तर तोटी हातात! आत घरात कोणीतरी टाळी वाजवली.

मी वर आलो हे चांगलं झालं की वाईट, मित्रांनो, ते मला आजही उलगडलेलं नाही. पण एक विनंती आहे. जुनं काही दुरुस्त करायला घ्याल, तर ते कोणाच्या हातापायांना पाठ आहे, त्या माणसाला आधी विचारा. आणि तुमच्या चपला तेवढ्या माझ्या रेघेवरून उचला पाहू. मीराबाई यायची वेळ झाली आहे.