कुलपाची परीक्षा

हॉस्पिटलच्या गेटवरच्या रखवालदाराला सगळे कुलूप म्हणत. त्याने एकदा मनगट धरलं की सोडवायची कुणाची टाप नव्हती. दारुडे, चोर, डॉक्टरांच्या अंगावर धावणारे, सगळ्यांची त्याने वरात काढली होती. आणि आता या वयात त्याची परीक्षा! नवा नियम आला होता: सर्टिफिकेट नाही त्याने घरी बसायचं. शाळाबिळा काही नाही, एक परीक्षक बाई येणार, रोजचं काम बघणार आणि याला काम येतं असं लिहून देणार. अट एकच. आधी तीनदा तोंडाने समजवायचं, मगच हात लावायचा.

"झालं कल्याण!" त्याचा साडू म्हणाला. हा त्याच्या मेहुणीचा नवरा, कुलपानेच त्याला या गेटवर चिकटवलेलं. "भाऊ, तुमचा हात तोंडाच्या आधी पोचतो. आज हात खिशात ठेवा."

कुलूप हसला, पण मनात हिशोब चालू होता. दोन पोरींची शिक्षणं बाकी, पन्नाशी उलटलेली. ही नोकरी गेली तर दारात कोण उभं करणार?

बाई दुपारी आल्या आणि तासाभरातच आत एक तरुण मुलगा दगावला. मग काय, कल्लोळ! "आमचा माणूस मारला!" म्हणत नातेवाइकांचा लोंढा बाहेर आला. चौकशीच्या खिडकीची काच फुटली. एका नर्सला केसांना धरून ओढलं. साडू दारात हात पसरून उभा राहिला आणि लाथाबुक्क्या खात गर्दी रेटू लागला.

कुलूप ओरडणाऱ्यांकडे बघतच नसे. तो गप्प असलेला माणूस शोधी. तो सापडला. पिवळा शर्ट, ओठ आवळलेले, हात सलाईनच्या लोखंडी स्टँडवर. एरवी एव्हाना त्याचं मनगट पिरगळून झालं असतं. पण मागे बाई पेन घेऊन उभ्या होत्या.

कुलपाने हात मागे बांधले. "दादा, शांत व्हा. डॉक्टरांशी बोलू आपण."

पिवळ्या शर्टाने स्टँड उचलला.

"दादा, खाली ठेवा ते."

कुणीतरी कुलपाच्या पाठीत खुर्ची घातली. तो गुडघ्यावर आला, तोंड जमिनीवर आपटलं, दात तुटला. तोंडात रक्त घेऊन तो उठला. पिवळा शर्ट साडूच्या अगदी मागे पोचला होता. आता धर, मेल्या, आता धर! असं कुलपाचं सगळं अंग ओरडत होतं.

"दादा, शेवटचं सांगतो..."

तो आवाज ऐकून साडूने चमकून मान वळवली. स्टँडचा आकडा सरळ त्याच्या डोळ्यात घुसला.

साडूची किंकाळी पार रस्त्यापर्यंत गेली. मग कुलपाने धरलं. पिवळ्या शर्टाच्या मनगटाचं हाड कडकन मोडलं, तरी त्याने सोडलं नाही. गळा दाबून जीव घ्यावा असं वाटत होतं, पण एकही ठोसा न मारता त्याने त्या पोराला जमिनीवर दाबून ठेवलं. पाठीवर लाथा बसत होत्या. पोलीस येईपर्यंत तो हलला नाही.

बाईंनी कागदावर सही केली. "इतकं होऊनही तुम्ही नियम सोडला नाहीत," त्या म्हणाल्या. "पास आहात तुम्ही."

संध्याकाळी वॉर्डच्या बाहेर मेहुणी भिंतीला टेकून बसली होती. तिला डोळा गेल्याचं कळलं होतं. "भावोजी, तुम्ही होतात म्हणून जीव तरी वाचला हो," असं म्हणून ती हुंदके देऊ लागली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कुलपाला वाटलं.

आत साडू पट्ट्या बांधून पडला होता.

"झालात पास?"

"झालो."

साडूने उरलेला डोळा त्याच्याकडे वळवला. मग म्हणाला, "तो पिवळ्या शर्टवाला मलाही दिसला होता, भाऊ. स्टँडला हात लावला तेव्हाच."

"मग बाजूला का नाही झालास रे?"

"कशाला होऊ? म्हटलं, तुम्ही आहात. म्हणून तर त्याच्याकडे पाठ केली."