अकरा एकांचा ताळा

गडहिंग्लजच्या निवृत्त जोतीराम मास्तरांचं कार्ड सकाळच्या टपालानं आलं. "पावणं, पेपरात वाचलं. अकरा एक ओळीनं लिहून होणारी संख्या मूळ हाय म्हणताय. २१,६४९ नं भागून बघा की. बाकी उरली तर गडहिंग्लजहून चालत येतो."

त्रिशलानं कार्डाच्या कडेलाच भागाकार मांडला. भाग गेला ५,१३,२३९ वेळा. बाकी शून्य.

ती आणि तिचा नवरा बाहुबली, दोघंही गणितात एम.एस्सी. तो कॉलेजात शिकवायचा. तिची तिथल्याच नोकरीची मुलाखत सोमवारी होती. ही संख्या कुठल्या मूळ संख्येनं भागली गेलीच, तर त्या संख्येतून एक वजा केल्यावर बावीसनं पूर्ण भाग गेला पाहिजे, हे तिनंच काढलं होतं. त्यामुळे तपासायच्या संख्या हजारभरच उरल्या. लहान अडीचशे बाहुबलीनं घेतल्या, त्याला कॉलेज होतं म्हणून, बाकीच्या तिनं. दोन वर्षं लागली. आपल्या प्रत्येक भागाकाराचा तिनं अंकांच्या बेरजेवरून नवाचा ताळा पाहिला होता. नवऱ्याच्या भागाकारांचा पाहिला नव्हता. जेवत्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलून तोलावी, तसं वाटलं होतं ते.

पेपरात आलेलं ते कॉलेजातलं व्याख्यान त्याच्या एकट्याच्या नावावर झालं. दुसऱ्या रांगेत बसून तिनंही टाळ्या वाजवल्या होत्या.

तिनं पक्की वही काढली. २१,६४९ समोर लिहिलं होतं: बाकी ८,४१२. अक्षर तिचं. त्याच्या कच्च्या कागदांवरून सगळं तिनंच उतरवलं होतं, आणि कच्चे कागद त्यानं बंबात घातले होते.

"अहो, कितव्या संख्येपासून सोडून दिलंत?"

बाहुबलीनं कपबशी खाली ठेवली. "सत्तर-बहात्तर केल्या असतील. पुढच्या बाक्या टाकल्या अंदाजानं. एकीनंही भाग जात नव्हता, पुढं जाईल असं कुणाला वाटतंय?"

"गेला."

"गेला की! आता ओरडून काय करतीस?"

ती ओरडली नव्हती.

दुपारी प्राचार्य हंबीरराव आले. त्यांनाही तसंच कार्ड गेलं होतं. त्यांनी वही चाळली.

"बाहुबली, हे अक्षर तुमचं न्हाय."

"न्हाय सर. आकडेमोड हिची. मी विश्वास ठेवला, तिथं फसलो."

"सर, यातल्या पहिल्या अडीचशे यांच्या," त्रिशला म्हणाली.

"पण उतरवताना तुम्ही बघितल्याच असतील की, वहिनी?"

त्रिशलानं वही मिटली.

"घरात चालतंय हो असलं," हंबीरराव उठत म्हणाले. "वर्गात पोरं चूक फळ्यावरच धरतात. सोमवारचं राहू दे यंदा."

ते गेल्यावर बाहुबलीनं कोरं कार्ड तिच्यापुढं सरकवलं. "मास्तरांना लिहून टाक. घरच्यांच्या हातून चूक झाली म्हणावं. तुझं अक्षर चांगलं हाय."

तिनं लिहिलं, "भाग जातो. आपल्याला चालत यावं लागणार नाही. पहिल्या अडीचशेपैकी यांनी बहात्तरच तपासल्या होत्या. उरलेल्यांचा ताळा मी पाहिला नाही." खाली स्वतःची सही केली. शाई वाळायच्या आत ती चपला घालून पोस्टाच्या पेटीकडे निघाली.