मिस्त्रींचा डावा अंगठा

मी एक जुनी करवत आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मी जळकी आहे. जुनी वस्तू म्हणजे समजूतदार असणार, मोठ्या मनाची असणार, असे तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. माझे दात अजून शाबूत आहेत.

पोलादाच्या पातळ पत्र्यातून मला कापले, दात पाडले आणि पाठ वाकू नये म्हणून वरून पितळेची पट्टी चढवली. दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. एकदा एक तरुण सुतार आला. त्याने माझ्या पात्याला नखाने टिचकी मारली, तो आवाज कान देऊन ऐकला आणि म्हणाला, "हीच." दुकानदार दुसऱ्या करवती दाखवत राहिला, पण त्याने मान वर केली नाही. तो सुतार पुढे मिस्त्री झाला आणि मी मिस्त्रींची करवत झाले.

आरशांच्या आणि तसबिरींच्या चौकटी हे आमचे काम. चौकटीचा जीव कोपऱ्यात असतो. दोन तिरके काप एकमेकांना असे भिडायला हवेत की मधून केससुद्धा जाऊ नये. असा काप सुरू करण्याची एक रीत आहे. डाव्या हाताचा अंगठा रेघेवर उभा टेकवायचा, माझे अंग त्या अंगठ्याला लावायचे आणि मला हलकेच स्वतःकडे ओढायचे. त्या ओढीने लाकडावर खाच पडते. मग ढकला किती ढकलायचे ते. आधी अंगठा, मग ओढ. माझ्या घासण्याने मिस्त्रींच्या अंगठ्याच्या कडेला घट्टा पडला होता. तो घट्टा माझा. त्यांच्या बायकोने कितीदा तेल लावून पाहिले, तो काही मऊ झाला नाही.

मग धाकटीने मशीन आणली.

धाकटी म्हणजे मिस्त्रींची मुलगी. शिकून आली आणि बापाच्याच धंद्यात उतरली. तिने आणलेली माइटर मशीन, म्हणजे तिरके काप घेणारी विजेची गोल करवत, टेबलावर पाय रोवून बसली. दोन दांड्यांवर तिची पाते धरलेली मुंडी पुढेमागे सरकायची, डावीउजवीकडे वळायची, वर कुशीवरही झुकायची. दोन बाजूंनी तिरका असा काप ती एका झटक्यात घ्यायची. त्याच कापासाठी मिस्त्री आणि मी अर्धी सकाळ घाम गाळायचो. मला भिंतीवरच्या खिळ्याला लटकवले. तिथून सगळे दिसायचे, हेच वाईट.

नव्याचे नऊ दिवस, असे मी मनाला समजावले. पहिल्याच दिवशी धाकटीने मशीनला गुण्या लावला, तर पाते काटकोनात नाही! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण धाकटीने प्लग काढला, स्क्रू सैल करून पाते सरळ केले, मग टाकाऊ पट्टीचे दोन तुकडे कापून एकमेकांना जोडून पाहिले. फट दिसली की पुन्हा स्क्रू, पुन्हा तुकडे. असे लाड! माझे दात बोथट झाले तर कानस मारायला कुणाला वेळ नव्हता, आणि या महाराणीची रोज सकाळी तपासणी.

शिवाय ती अधाशी. तिचे पाते जाड, त्यामुळे एका घासात माझ्या दुप्पट लाकूड भुशात घालवायची. म्हणून रेघेवर न कापता रेघेच्या बाहेर, टाकायच्या बाजूला पाते ठेवावे लागे. कापण्याआधी चष्मा, कानांवर टोप्या, तोंडाला फडके. बाह्या वर. लांब पट्टीच्या दुसऱ्या टोकाला टेकू. लाकूड मागच्या टेक्याला भिडवून शिकंज्यात आवळायचे.

"लाकूड कापायचंय का विमान उडवायचंय?" मिस्त्री हसायचे.

"हसा. तुटलेलं बोट कुठल्या दुकानात मिळतं तेवढं सांगा," धाकटी म्हणायची.

कापायची रीतही उफराटी. पाते लाकडाला लागण्याआधी मुंडी स्वतःकडे ओढून घ्यायची. पाते पूर्ण वेगात आले की खाली दाबायचे आणि मागे ढकलत कापायचे. झाले की खटका सोडायचा आणि पाते थांबेपर्यंत मुंडी खालीच धरायची. माझा काप ओढीने सुरू होतो, हिचा ढकलण्याने. एवढे सोपस्कार मिस्त्रींना कुठले जमायला, असे मला वाटे. मी निवांत होते.

एका शिलाईवालीने दुकानासाठी मोठा आरसा सांगितला होता. चौकटीच्या कडा आतल्या बाजूला उतरत्या हव्या होत्या. धाकटीने त्या कापल्या, जोडल्या. शिलाईवाली पाहायला आली, कोपऱ्यावरून बोट फिरवून म्हणाली, "मिस्त्री, पोरीनं तुम्हाला मागं टाकलं हो!"

मिस्त्री हसले. पण ते हसू माझ्या ओळखीचे होते. आतून जळले की मीही खिळ्यावर तशीच चमकते.

दुसऱ्या दिवशी धाकटी सरस आणायला बाहेर गेली. कोपऱ्यांत बसवायचे चिमुकले तुकडे तेवढे कापायचे राहिले होते. मिस्त्रींनी मला खिळ्यावरून काढले. किती दिवसांनी तो हात मुठीवर आला! मी हरखले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, मग मशीनकडे, आणि मला बाकावर ठेवून ते तिच्याकडे गेले. माझ्या डोळ्यांदेखत. होऊ दे हिची फजिती, असे मी मनात म्हटले. हो, म्हटले.

तुकडा एवढासा. शिकंज्यात धरायला जागा नव्हती, म्हणून मिस्त्रींनी तो डाव्या हाताने दाबला. अंगठा रेघेवर उभा टेकवला. खटका दाबला, पाते खाली आणले आणि हलकेच स्वतःकडे ओढले.

आधी अंगठा, मग ओढ.

फिरते पाते असे ओढले की ते लाकडावर चढते. मुंडी त्यांच्या अंगावर उसळली, तुकडा हातातून हिसकला गेला आणि भिंतीवर फुटला. मिस्त्री मागे झाले आणि हात पोटाशी धरून खाली बसले. भुशावर रक्त पडत होते. अंगठा आहे की गेला, ते मला दिसेना. मशीनची बदनामी मी रोज मागत होते, पण मित्रांनो, त्या वेळी मला फक्त तो अंगठा हवा होता.

धाकटी दारात आली. आधी प्लग उपटला, मग बापाचा हात फडक्यात गुंडाळला आणि डॉक्टरकडे नेले. अंगठा वाचला. कडेची कातडी गेली आणि तिच्यासोबत तो घट्टा गेला.

पट्टी बांधून दोघे परत आले.

"ओरड की," मिस्त्री म्हणाले.

"ओरडून काय होणार? हात तिथं गेला कसा, बाबा?"

त्यांनी बाकावर पडलेल्या माझ्याकडे पाहिले. "मी नेला नाही गं. सवयीनं गेला."

ती सवय कोणी लावली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जखम भरल्यावर धाकटीने टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर, लाल पट्टे ओढले. आत हात न्यायचा नाही. प्लग काढून ठेवून ती बापाला नुसतीच मुंडी चालवायला लावी. "ओढा. थांबा. खाली. आता ढकला." मिस्त्रींचा डावा हात खाऊच्या डब्याकडे पोर सरकावे तसा पट्ट्याकडे सरकायचा. "हात!" धाकटी म्हणायची आणि तो मागे यायचा. शेवटी मिस्त्रींनीच तोडगा काढला. लाकूड शिकंज्यात आवळले की डावा हात अंगातल्या एप्रनच्या खिशात.

चिमुकल्या तुकड्यांबद्दल धाकटीने नियम केला की ते मशीनवर नाहीत, करवतीनेच, आणि ते तीच कापणार. म्हणजे त्या बाईसाहेबांना जे झेपत नाही ते माझ्या वाट्याला. घेते मी. नाक मुरडून घेते. माझ्या दातांना पुन्हा कानस लागली, तेवढे मात्र बरे झाले.

काल मिस्त्रींनी एका चौकटीचे सगळे काप एकट्याने घेतले. पाते वेगात येईपर्यंत थांबले, खाली दाबले, मागे ढकलले. डावा हात खिशात. पाते थांबले, तेव्हाच मुंडी वर. मग तो हात बाहेर आला आणि दोन्ही हातांनी त्यांनी कोपरा जुळवून उजेडात धरला. फट नव्हती.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना धार लावा, तेल द्या, गंजू देऊ नका. पण एका हत्याराची सवय दुसऱ्यापाशी नेऊ नका. प्रत्येकाची रीत वेगळी, आणि ती शिकून घेतल्याशिवाय हात लावू नका. माझे विचाराल तर मी अजून जळते. उद्याही जळेन. त्या खिशातला अंगठा आता मऊ पडत चालला आहे, त्यावर माझी एकही खूण उरलेली नाही. राहू दे तसाच. तो हाताला आहे ना, मग माझ्या अंगाला पुन्हा लागला नाही तरी चालेल.