टेबल आवरण्याचा प्रवेश

बाबांचा शेवटचा साधा दिवस ताटांच्या खडखडाटात गेला. तिसऱ्या अंकातला, प्रेमाची कबुली देण्याचा प्रवेश त्या दिवशी सहा वेळा झाला आणि सहाही वेळा तालमीच्या खोलीत कोणी हसलं नाही.

नाटक जुनं, तीन पिढ्यांना पाठ असलेलं. लग्न करायचंच नाही अशी शपथ घेतलेले दोघे, त्यांना एकमेकांच्या गळ्यात बांधायला टपलेले नातेवाईक, आणि शेवटी नाक मुठीत धरून दिलेली कबुली. ही कबुली सगळे बागेत करत आले, चांदण्यात, डोळ्यांत डोळे घालून. या वेळी दिग्दर्शन बाबांचं होतं आणि त्यांनी बागच काढून टाकली. जेवणाचं टेबल आणलं. पाहुणे उठून गेलेत, उष्टी ताटं पडलीत, आणि ती आवरता आवरता ही दोघं एकमेकांकडे न बघता जे बोलायचं ते बोलतात. प्रेम कामाला लागलेल्या हातांत दिसतं, असं बाबा नटांना समजावत. वर सांगत, हे मी माझ्या घरी रोज बघत आलोय.

विंगेत स्टुलावर संहिता घेऊन प्रॉम्प्टिंगला बसलेली त्यांची लेक हे ऐकलं की पानात डोकं खुपसायची. बाबा बघत आले होते, हे खरंच. पण चाळीस वर्षांत त्यांनी स्वतःचं ताटसुद्धा उचललं नव्हतं. म्हणून तर त्यांनी बसवलेल्या हालचालीत नायक ताटावर ताट चढवायचा आणि चमचे मधेच राहायचे. चळत डगमगायची आणि नेमकी नायिकेच्या वाक्यावर वाजायची. ज्याने एकदा तरी टेबल आवरलंय तो आधी चमचे गोळा करतो.

घरी जाताना बाबांनी विचारलं, "कुठे अडतंय गं?"

"बसेल हळूहळू," ती म्हणाली. आठ वर्षांनी त्यांना नाटक मिळालं होतं. मन कशाला मोडायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुटाची नाडी बांधायला वाकले, ते उठलेच नाहीत.

पहिला प्रयोग सोळा दिवसांवर होता. मंडळींनी ठरवलं, नाटक करायचं आणि सरांच्या मनात होतं तसंच करायचं. बाबांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा काळ्या दगडावरची रेघ होऊन बसल्या. नायकाचं काम करणारा भूगोलाचा मास्तर घरी ताटं उचलायचा सराव करू लागला. त्याच्या बायकोने निरोप पाठवला, प्रयोग वर्षभर चालू देत. नायिकेचं काम करणारी दातांची डॉक्टर होती. ती म्हणाली, मास्तर, तुमच्यापेक्षा माझे पेशंट कमी आवाज करतात. सगळे हसले. प्रवेश सुरू झाला आणि हसणं बंद पडलं.

लेकीला रोज प्रेक्षागृह दिसायचं, हळहळ वाटून आलेली, हातावर हात ठेवून बसलेली माणसं. बाहेर पडताना कोणीतरी म्हणणार, शेवटी शेवटी म्हाताऱ्याची पकड सुटली होती. हे ऐकायचं की मंडळींना खरं सांगायचं? खरं सांगायचं म्हणजे गेलेल्या माणसाला उघडं पाडायचं, तेही आईच्या देखत. तिने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पाणी मागितलं.

रंगीत तालमीला, प्रयोगाच्या आदल्या दुपारी, आई आली. तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली. कबुलीचा प्रवेश आला. मास्तरने चळत उचलली, खडखडाट झाला, एक चमचा निसटून रंगमंचाच्या कडेपर्यंत घरंगळला. डॉक्टर वाक्य अर्धवट सोडून उभी राहिली. तिने विंगेकडे बघून विचारलं, "ताई, काय चुकतंय? तुम्हाला कळतंय, तुमच्या तोंडावर दिसतंय. उद्या प्रयोग आहे हो."

लेक उठली. इतक्या वर्षांत ती कधी उजेडात आली नव्हती. मास्तरच्या हातातल्या चळतीतून ती एकेक चमचा काढू लागली.

"चमचे आधी काढायचे असतात," ती म्हणाली. "बाबांना माहीत नव्हतं. आमच्याकडे टेबल आई एकटी आवरायची."

तिसऱ्या रांगेकडे बघायची तिची छाती झाली नाही. मान खाली घालूनच तिने बाकीचं सांगितलं. बाबा खुर्चीतून हलायचे नाहीत. तिथूनच दिवसभरात भेटलेल्या माणसांच्या नकला करायचे, आणि आई त्यांना आळशी म्हणत, हसत हसत ताटं न्यायची. तिचं हसणं संपेपर्यंत ते थांबायचे, मग पुढची नक्कल.

मास्तरला तिने सांगितलं, तुम्ही बसा, कशाला हात लावू नका, नुसतं बोला. मास्तर अवघडला. म्हणाला, पण सरांनी लिहिलंय. ती म्हणाली, सरांनी लिहिलंय, मला ठाऊक आहे. आणि विंगेत जाऊन बसली.

या वेळी डॉक्टर एकटी आवरू लागली. मास्तर खुर्चीत रेलून, मी तुझ्यासाठी काय वाटेल ते करीन, असं म्हणाला आणि त्याने पाय लांब केले. ती त्या पायांना वळसा घालून ताटं नेत राहिली. प्रकाशयोजनावाल्याला हसू फुटलं. मग तिसऱ्या रांगेतून आईचं हसू आलं, आधी दाबलेलं, मग मोकळं, आणि मधेच कुठेतरी त्याचा सूर बदलला.

टेबलावर मास्तरपुढचं एकच ताट उरलं. डॉक्टर रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर येऊन थांबली. पुढचं वाक्य मास्तरचं होतं आणि त्याला ते आठवेना. त्याने विंगेकडे पाहिलं. वाक्य लेकीच्या मांडीवर, बोटाखाली होतं. ते तिने वाचलं नाही. प्रॉम्प्टर कुजबुजते तशी न कुजबुजता, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ती म्हणाली,

"उठा ना, बाबा. एक ताट तरी उचला."