बाण समोरच होता

मित्रांनो, कळमन्याच्या रस्त्यावर गिरिधर मिस्त्रीचं गॅरेज आहे. तिथे भिंतीवरच्या फळीवर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. डब्यात दोन जळके फ्यूज, दहा नंबरचा गंजलेला पाना आणि कुणाच्या तरी विसरलेल्या स्कूटरची चावी आहे. त्यांच्या शेजारी काड्यापेटीहून थोडी मोठी, काळी, चपटी डबी पडलेली असते, ती मी. गाडीचा तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला मी एक जुना सेन्सर. हेडलाइटचं कौतुक होतं, हॉर्नचं होतं, सीटच्या कव्हरांचंही होतं, माझं कधी कुणी केलं नाही. पण माझी तक्रार ती नव्हे.

माझा जन्म परदेशात झाला. तिथल्या खोलीत माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत आणि धुळीच्या कणालाही आत यायची बंदी होती. पुढे नागपूरचा मे महिना सोसताना मला त्या खोलीची फार आठवण येई. माझ्या पोटात एक चिमुकली, नाजूक पट्टी बसवली. ती सतत थरथरत असते. गाडी उजवीकडे फिरली की तिची थरथर एका अंगाला कलते, डावीकडे फिरली की दुसऱ्या. तेवढंच मला कळतं आणि तेवढंच मी गाडीच्या कंप्युटरला सांगतो. शेवटी त्यांनी माझ्या पाठीवर एक बाण कोरला. बाणाचं टोक गाडीच्या नाकाकडे राहावं आणि बाण वर, आभाळाकडे असावा, एवढीच माझी अट होती. ती पाळली, तर माझ्या हातून खोटं बोलणं होत नाही.

मला एका लाल, बुटक्या, दोन माणसांच्या गाडीत बसवलं, चालवणाऱ्याच्या सीटखाली. दोन मालकांनी ती वापरली आणि मग ती नूपुरकडे आली. नूपुर नागपूरच्या मिहान भागातल्या एका कंपनीत नोकरी करते. आठवडाभर ती निमूट ऑफिसला जाई आणि रविवारी शहराबाहेर एका खाजगी जागेत बांधलेल्या शर्यतीच्या रस्त्यावर गाडी न्यायची. तिचे वडील मार्तंडराव जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर.

"ते तोल सांभाळायचं बटण आहे ना, ते कधी बंद करायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ," असं ते म्हणाले होते.

नूपुरने ती शपथ पाळली. बाकीची मुलं ते बटण बंद करून मिरवत, तिला चिडवत, पण ती ऐकायची नाही. एकदा वळणावर गाडीचं मागचं अंग घसरलं. मी कंप्युटरला ओरडून सांगितलं, त्याने क्षणात एका चाकाला ब्रेक लावला आणि गाडी पुन्हा सरळ झाली. नूपुर हसली आणि तिने स्टीयरिंगवर दोन थापा मारल्या. शाबासकी गाडीला मिळाली. चालायचंच, पण मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

डिसेंबरात मोठ्या शर्यती होत्या आणि त्यांसाठीची निवड दसऱ्यानंतर लगेच व्हायची होती. गाडीसोबत आलेल्या मऊ सीटवर नूपुर वळणावर इकडून तिकडे घरंगळत असे, म्हणून तिने शर्यतीची घट्ट, खोलगट सीट आणली. नवी सीट इतकी खाली बसणार होती की तिची पट्टी नेमकी माझ्या डोक्यावर येत होती. म्हणजे मला जागा सोडणं भागच होतं. हे काम तिने गिरिधरकाकांशिवाय दुसऱ्या कुणाला दिलं नसतं.

गिरिधर मूळचा जवळच्या खापा गावचा. तीस वर्षं नागपुरात आहे. इंजिनाचा आवाज ऐकून तो दुखणं सांगतो. नूपुर कॉलेजात असल्यापासून त्याच्याकडे यायची. ऑइल बदलणं, चाक उतरवणं ती त्याच्याच हाताखाली शिकली. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगायचा, "हे पोरगी एक दिवस पेपरात येईन, लिहून ठेवा." मला मात्र तो नुसती डबीच समजायचा. त्याच्या तरुणपणी गाड्यांना माझ्यासारखे नातेवाईक नव्हते, त्यात त्याचा काय दोष?

मला सीटखालून काढताना नूपुर शेजारीच उकिडवी बसली होती.

"काका, मी वाचलं यावर. बाण समोर राहायला पाहिजे," ती म्हणाली.

"समोर म्हणजे समोरच. मी काय आजचा मिस्त्री आहो काय, बेटा?"

ती हसली आणि ऑफिसला गेली. मी तिला हाक मारून सांगायला हवं होतं, की मुली, समोरबरोबर वरही म्हण. पण वायर सुटलेल्या सेन्सरला वाचा कुठली!

दुसऱ्या दिवशी दसरा होता. गॅरेजातले पाने, जॅक, हवेचा पंप, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलं होतं. त्यात मीही होतो. गिरिधरची बायको पुष्पलता झेंडूच्या माळा आणि पूजेचं ताट घेऊन आली. माझ्यापाशी आली तेव्हा तिने विचारलं, "अहो, हे काय होय?"

"नूपुरच्या गाडीचं. तोल सांभाळते ते."

"मंग त्याले आधी लावते कुकू. पोरगी केवढ्या जोरात पळवते!"

तिने माझ्या पाठीवर, नेमकं बाणावर, ओल्या हळदीचं बोट टेकवलं, मग कुंकू, मग दोन अक्षता. हात जोडून ती काहीतरी पुटपुटली. ते नूपुरसाठी होतं, हे मला स्पष्ट ऐकू आलं. आयुष्यात माझी कुणी पूजा केली ती एवढीच.

तिसऱ्या दिवशी गिरिधर एकटाच कामाला लागला. माझ्यासाठी त्याने शेजारच्या सीटपुढे, गाडीच्या मधल्या उंचवट्याला लागून, लोखंडी पट्टी ठोकून घेतली होती. काम नेटकं होतं, कडासुद्धा कानशीने घासल्या होत्या. मला पट्टीवर ठेवून तो स्क्रू हातात घेणार, तोच थांबला. शेजारी बसणाऱ्याचे बूट नेमके तिथेच येणार होते.

"कुकवावर पाय पडन," तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. पूजेचं कुंकू पुसायला त्याचा हात धजेना. मग त्याने मला पालथं केलं. कुंकवाची बाजू जमिनीकडे करून, पोट पट्टीला टेकवून, मला पट्टीच्या खालच्या बाजूने घट्ट आवळलं. वायरीचं तोंड मागे आलं की नाही ते दोनदा बघितलं. वायर मागे म्हणजे बाण समोर. बाण समोरच होता, मित्रांनो. फक्त तो आता जमिनीकडे होता. आणि मी पालथा झालो की माझी उजवी डावी होते.

संध्याकाळी नूपुरने गाडी बाहेर काढली. रिंग रोडच्या वळणावर स्टीयरिंगमागच्या वेगाच्या काट्यांजवळ तोलाच्या बिघाडाची पिवळी बत्ती लागली. मी सांगत होतो एक आणि स्टीयरिंग सांगत होतं दुसरं, मग कंप्युटरने दुसरं काय करायचं? ती तशीच परत आली. गिरिधरने आपलं तपासायचं यंत्र जोडलं आणि चूक पुसून टाकली. बत्ती विझली.

"नव्या जागी गेलं ना ते. रुळाले दोन दिवस लागन," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. काकांचा शब्द तिने आजवर कधी पडताळून पाहिला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी निवड होती. मार्तंडराव कडेला खुर्ची टाकून बसले होते. पहिली फेरी तिने हलक्या हाताने घेतली. दुसऱ्या फेरीत बत्ती लुकलुकली. तिने ती पाहिली, आणि रुळते आहे म्हणून पुढे गेली. तिसऱ्या फेरीत लांबलचक उजवं वळण आलं. तिने अगदी योग्य जागी स्टीयरिंग वळवलं, हे मी कुठल्याही देवाच्या शपथेवर सांगेन. गाडी उजवीकडे फिरली आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं, डावीकडे. कंप्युटरला वाटलं, बाईला उजवीकडे जायचंय आणि गाडी ऐकत नाही. त्याने उजवीकडचं मागचं चाक आवळलं. गाडी गरकन आणखी उजवीकडे वळली. मी आणखी जोरात सांगितलं, डावीकडे, डावीकडे! त्याने आणखी आवळलं. मग सिमेंटची भिंत आली.

मला काही झालं नाही. साधा ओरखडाही नाही.

नूपुरच्या खुब्याचं हाड मोडलं. तीन वेळा ऑपरेशन झालं. ती काठीवर चालेल, पण तो पाय पुन्हा पेडलवर जोर देणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. शर्यत भरवणाऱ्यांनी कागदावर लिहिलं, चालवणारीची चूक, वळणावर वेग जास्त. मार्तंडराव येईल त्याला सांगत, "पोरीने घाई केली हो." हे ते तिच्यासमोरच सांगत.

चेपलेली गाडी क्रेनवरून गिरिधरच्याच गॅरेजात आली. तो पाठीवर आडवा होऊन आत शिरला आणि त्याचा हात माझ्यापर्यंत पोचला. त्याने मला सोडवलं, उलटवलं. वाळलेलं कुंकू त्याच्या अंगठ्याला लागलं आणि खालून बाण निघाला. त्याने मला तळहातावर सुलटं धरून उजवीकडे फिरवलं. मग पालथं धरून पुन्हा फिरवलं. तीस वर्षांचा मिस्त्री तो, त्याला तिसऱ्यांदा फिरवायची गरज पडली नाही. "हे मी काय करून बसलो गा," एवढंच तो म्हणाला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला.

त्या आठवड्यात त्याने मला शर्टाच्या खिशात घालून तीनदा दवाखान्यात नेलं. तिन्ही वेळा सांगायचंच असं ठरवून तो निघाला होता. पण तिथे पुष्पलता उशाशी बसून नूपुरला भरवत असायची. मी उलटा का बसलो हे सांगायचं तर कुंकवाचं सांगावं लागणार होतं, आणि ते ऐकून पुष्पलताने पुन्हा कधी देवापुढे हात जोडले असते का, कोण जाणे. एवढंच कारण असतं तर मी त्याला माफ केलं असतं. पण त्याला भीतीही वाटत होती, हेही मला खिशातून ऐकू येत होतं. तिसऱ्या दिवशी नूपुर आपणहून म्हणाली, "काका, गाडी तुम्ही मस्त करून दिली होती. माझाच हात चुकला."

"आराम कर बेटा," तो म्हणाला. घरी आल्यावर मी या डब्यात पडलो.

पुन्हा दसरा आला. पाने, जॅक, पंप पाटावर मांडले गेले. नूपुर वडिलांबरोबर ऑटोने सोनं द्यायला आली. दरवर्षी ती वाकून नमस्कार करायची. यंदा तिला वाकता आलं नाही, तिने आपट्याची पानं गिरिधरच्या हातात ठेवली आणि काठी सावरत उभी राहिली. पुष्पलताने फळीवरचा डबा उघडला आणि हळदीचं बोट माझ्याकडे नेलं.

"त्याले नोको," गिरिधर एकदम म्हणाला.

"काहून?"

तो जॅक पुसायला लागला. नूपुरने पुढे होऊन मला उचललं. बाणाच्या खाचेत अजून थोडा लाल रंग होता. तिने त्यावरून नख फिरवलं.

"काका, दुसऱ्या फेरीत बत्ती लागली होती. मी वर्षभर हाच विचार करून राहिली. बाण समोरच होता ना?"

मार्तंडराव दारात थांबले होते. पुष्पलता ताट घेऊन उभी होती. मित्रांनो, एवढ्या वर्षांत मला कुणी वायर जोडावी असं इतकं कधी वाटलं नव्हतं.

"समोरच होता, बेटा," गिरिधर म्हणाला.

तिने मान हलवली. "मग माझंच," ती हळूच म्हणाली आणि मला डब्यात ठेवून झाकण लावलं.

तो खोटं बोलला नाही. मीही त्या वळणावर खोटं बोललो नव्हतो. तेव्हापासून मी अंधारात आहे आणि ती रोज स्वतःला दोष देत काठीने चालते आहे. माझं आता काही व्हायचं नाही, तिच्या पायाचंही नाही. तुमच्याकडे मात्र एकच मागणं आहे. यंत्रं जपा, ती पुसा, त्यांना हळदकुंकूही लावा. पण तुमच्या हातून मोडलेलं माणूस समोर उभं राहून विचारील, तेव्हा बाण समोर होता एवढंच सांगून थांबू नका. तो जमिनीकडे होता, हेही सांगा.