पाळीवरचं जेवण

माझी बायको यशोदा माघात तापानं गेली. त्यानंतर आमच्या गंगानं जेवण सोडलं.

अगदीच सोडलं असं नाही. पेज प्यायची, भाताची चार शितं तोंडात टाकायची आणि उठायची. सात वर्षांची पोर. पोळ्यापर्यंत तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. वैद्याला दाखवलं. त्यानं जीभ पाहिली, पोट दाबलं आणि म्हणाला, "रोग नाही. पण असंच चाललं तर पोरगी थंडी काढणार नाही. हिचं मन दुसरीकडे लावा." औषध काही दिलं नाही. दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. निदान काही करायला मिळालं असतं.

घरात आम्ही तिघंच उरलो होतो. मी, गंगा आणि माझी माय धुरपताबाई. माय नातीला भरवायला बसायची. शेजारच्या बायका येत, त्याही भरवत. "हा आजीचा घास, हा मामाचा घास." गंगा ओठ मिटून बसून राहायची. रडणं नाही, हट्ट नाही. एका घासामागे चार बायका लागलेल्या आणि पोरगी दाराकडे बघतेय, असं रोज चालायचं.

आम्ही कोहळी. अर्जुनी मोरगावच्या बाजूला जी तळी दिसतात, त्यांतली बरीच आमच्या लोकांनी बांधली. आमच्या गावाचं तळं माझ्या पणज्याच्या काळचं. दर उन्हाळ्यात त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माती टाकायला अख्खा गाव जातो. यशोदा जायची तेव्हा गंगाला सोबत न्यायची. यंदा आमच्या घरून कोणी गेलं नाही. मी माझ्याऐवजी माणूस लावला.

धानाचा रोवणा आटोपल्यावर जागेश्वरचा निरोप आला. जागेश्वर म्हणजे यशोदाचा धाकटा भाऊ. गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होता. निरोप असा होता : पोरीला घेऊन या, मायलाही आणा, गोंदिया दाखवतो, नागऱ्याचं देऊळ दाखवतो, दरेकशाचा हाजरा धबधबा दाखवतो. यशोदाला हे सगळं बघायचं होतं. भाऊ सांगायचा आणि ती म्हणायची, एकदा गंगाला घेऊन जाऊ. दर वर्षी काही तरी आडवं यायचं. म्हशी, पाहुणे, पाऊस.

मी जायचं ठरवलं. वैद्य मन दुसरीकडे लावा म्हणाला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अर्जुनीहून छोट्या गाडीत बसलो. मायनं तांदळाच्या भाकरी, जवसाची चटणी आणि तळलेल्या मिरच्यांऐवजी भाजलेल्या मिरच्या बांधून घेतल्या होत्या. यशोदाला जाऊन वर्ष व्हायचं होतं, म्हणून घरात कढई चढत नव्हती. गाडी सुटल्यावर मी फडकं सोडायला लागलो तर माय म्हणाली, "राहू दे. चालत्या गाडीत जेवत नाहीत."

"काऊन?"

"खाली जमीन पाहिजे. ढुंगणाखालून जमीन पळून राहिली तं अन्न पोटात थांबन कसं?"

सौंदडला इंजिन पाणी घ्यायला थांबलं. माय खाली उतरली, फलाटाच्या कडेला मातीवर बसली आणि फडकं सोडलं. मी गंगाला घेऊन मागोमाग गेलो. मायनं तिच्यापुढे भाकर धरली. "खा माय, मामाच्या गावाले जाऊन राहिलो ना." गंगानं एक तुकडा मोडला, हातात धरला आणि इंजिनाकडे बघत बसली.

इंजिनाचं पाणी भरून झालं. गार्ड हिरवा झेंडा घेऊन आमच्यापाशी आला. "आजी, झालं का? गाडी तुमच्यासाठी खोळंबली."

"तुह्या गाडीनं एवढं पाणी पेलं, तवा मी काई बोलली का?" माय म्हणाली. "मले बी दोन घास खाऊ दे."

डब्यातली माणसं हसली. गार्डही हसला आणि त्यानं मायचा घास संपेपर्यंत झेंडा खाली ठेवला. गंगाच्या हातातला तुकडा तसाच होता. गाडीत चढताना तिनं तो फलाटावरच्या कुत्र्याला टाकला.

गोंदियात जागेश्वर स्टेशनावर आला होता. त्यानं गंगाला उचललं आणि त्याचा चेहरा बदलला. तिचं वजन त्याच्या हाताला कळलं. पण बोलला वेगळंच. "चलो बेटा, आज जलेबी खायची. गरम जलेबी. तुह्या बापानं पाहिली बी नसन."

बाजार मोठा होता. मारवाड्यांच्या पेढ्या, कापडाची दुकानं, बिडीच्या पानांचे गठ्ठे घेऊन चाललेल्या गाड्या. हलवायाच्या दुकानात बाकावर बसलो. मायनं विचारलं, "वर्ष झालं नाई. तळलेलं चालते का?"

"तुमच्या घरची कढई नाही चालत, माय. बाजारच्या कढईले सुतक नसते," जागेश्वर म्हणाला. मायला ते पटलं, की भूक लागली होती, कोण जाणे. तिनं दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि आत काय भरलं आहे ते हलवायाला दोनदा विचारलं. मी जिलबी खाल्ली. चांगली होती. मला ती गिळायला त्रास झाला, पण तो जिलबीचा दोष नव्हता.

गंगानं जिलबी हातात धरली. जागेश्वर समोर उकिडवा बसला. "खा ले बेटा. एक. बस एक. मामासाठी." हलवाईही सांगू लागला, "खा ले, बिटिया." शेजारच्या बाकावरचा एक म्हातारा आपली जिलबी दाखवून दाखवून खाऊ लागला. पाक गंगाच्या मनगटावर ओघळला. शेवटी मी तिचा हात धुतला.

रात्री जागेश्वरच्या बायकोनं, प्रेमिलानं, झिंग्यांचा रस्सा आणि चिन्नोर तांदळाचा भात केला. तसा वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता. प्रेमिला गंगाला मांडीवर घेऊन भरवत होती. एक घास आत गेला. सगळ्यांनी "शाबास" म्हटलं. दुसऱ्या घासाला पोरगी उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"मही ननंद असती तं हिनं असं केलं नसतं," प्रेमिला म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं नागऱ्याला गेलो. दगडी देऊळ जुनं आहे, दगडावर दगड नीट बसवले आहेत. वर्ष झालं नव्हतं म्हणून आम्ही आत गेलो नाही, बाहेरूनच हात जोडले. मायनं काय मागितलं ते मला माहीत होतं. मीही तेच मागितलं. प्रेमिला आत जाऊन प्रसाद घेऊन आली. खोबऱ्याचा एक तुकडा. गंगानं तो परकराच्या टोकाला बांधून ठेवला. खाल्ला नाही.

परत येताना जागेश्वर माझ्याशी हळू बोलला. "भाऊजी, इथं एक डाक्टर आहे. त्याले दाखवू. नळीनं दूध पाजतात म्हणते." मी म्हणालो, उद्या धबधबा बघू, मग जाऊ. मला भीती वाटत होती. यशोदाही डॉक्टरकडे न्यायच्या आदल्या दिवशी गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दरेकशाला निघालो. प्रेमिला घरी राहिली, पण तिनं मोठा डबा भरून दिला. मायनं त्याशिवाय आपलं फडकं बांधलं. आदल्या रात्रीचा भात, जवसाची चटणी, कांदे. जागेश्वर म्हणाला, "माय, डब्यात पुऱ्या आहेत, भाजी आहे, जलेबी आहे. शिळा भात कायले?"

"मले लागते," माय म्हणाली.

गाडीत जागेश्वर गंगाला बोगद्याचं सांगत होता. डोंगराच्या पोटातून गाडी जाते, दिवसा अंधार होतो. मायनं गाडीची दांडी घट्ट धरली. पण बोगदा दरेकशाच्या पुढे होता. आम्ही त्याआधीच उतरलो. "बरं झालं बाप्पा," माय म्हणाली.

स्टेशनावरून जंगलातून चालत गेलो. वाट ओली होती. धबधब्याचा आवाज आधी आला, मग पाणी दिसलं. उंच कड्यावरून पांढरं पाणी खाली येत होतं. खूप पाणी. आणखी काही माणसं बघायला आलेली होती, ती बोटं दाखवून ओरडत होती.

जागेश्वर आमच्या तोंडाकडे बघत होता. "कसा आहे?"

मायनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "आणि हे सारं खाली जाऊन राहिलं?"

"हो."

"रोज?"

"रोज."

"कोणीच अडवत नाई?"

जागेश्वरनं कपाळावर हात मारला. "माय, हा धबधबा आहे. लोक दुरून दुरून पाहाले येतात. तुम्ही कोहळी लोक स्वर्गात गेले तं तिथं बी पाळ बांधान."

"तू कोण आहेस? तुहा बाप काय सोनार होता?" माय म्हणाली.

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. एवढ्या पाण्यावर किती धान होईल.

आम्ही खाली जरा दूर, सावलीत बसलो. तिथं मुख्य पाण्यापासून फुटलेला एक लहान ओहोळ वाहत होता. हातभर रुंद. मी त्याच्या काठी बसलो होतो आणि डॉक्टरचा विचार करत होतो. नळी कशी घालतात, नाकातून की तोंडातून. हात रिकामे होते. एक दगड उचलून ओहोळात ठेवला. मग दुसरा. मग माती ओढली. आमच्यापैकी कोणी वाहत्या पाण्याशेजारी बसला की त्याचा हात असाच चालतो, त्यात विशेष काही नाही.

पाणी तुंबलं आणि उजवीकडून फुटलं. मी माती टाकली. पुन्हा फुटलं.

"बाबा, तसं नाही," गंगा म्हणाली.

ती माझ्या मागे उभी होती. मी सरकलो. तिनं वाळलेलं गवत उपटून आणलं, ओल्या मातीत कालवलं, त्याचा गोळा केला आणि फटीत बसवला. मग त्यावर उभी राहून टाचेनं दाबू लागली. "आई असं दाबते. नुसती माती वाहून जाते."

"बरं," मी म्हणालो.

मग आम्ही दोघंही लागलो. मी दगड आणि माती आणून देई, ती कालवून लावी. गुडघाभर पाळ झाली. जागेश्वर सावलीतून म्हणाला, "ए, डोंगरातून पाणी येते, राहणार नाही ते." गंगानं त्याच्याकडे बघितलंही नाही. "मामा, तिकडची माती आणा. ती चिकट आहे." जागेश्वरनं सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. तो रेल्वेचा माणूस, कपडे पांढरे. पण थोड्याच वेळात तो कोपरापर्यंत मातीत होता आणि माझ्यावर ओरडत होता, "भाऊजी, बुड रुंद घ्या ना, बुड!"

मायनं शेवटी एक ओंजळ माती आणून टाकली. शेवटची माती घरच्या म्हाताऱ्या बाईनं टाकायची असते. पाणी पाळीला टेकून थांबलं. लहानसं तळं झालं.

मायनं पाळीवरच फडकं पसरलं. भात, चटणी, कांदे. प्रेमिलाचा डबाही उघडून मध्ये ठेवला. जागेश्वरनं हात पाण्यात बुडवले, पुरी उचलली आणि गंगाकडे वळला. "घे बेटा, खा—"

मायनं त्याच्या हातावर चापट मारली. "गोंदियाले राहून सारं इसरला का? पाळीवर कोणी कोणाले जेव म्हणते का रे?"

जागेश्वरनं पुरी परत डब्यात ठेवली. ही आमची रीत आहे. पाळीवर काम झालं की जेवण मध्ये ठेवतात. कोणी वाढत नाही, कोणी आग्रह करत नाही. ज्यानं माती टाकली त्याला जेव म्हणणं म्हणजे त्यानं काम केलं नाही असं म्हणणं. ज्याचं त्यानं घ्यायचं. दुसऱ्याच्या घासाकडे बघायचंही नाही.

मी माझा भात घेतला आणि धबधब्याकडे तोंड करून बसलो. मायनं कांदा फोडला. मी कान मात्र मागे ठेवले होते.

थोड्या वेळानं फडक्यावर हात फिरल्याचा आवाज आला. मग चटणीची वाटी सरकल्याचा. मी वळलो नाही. मायनं माझ्याकडे पाहिलं आणि पटकन मान खाली घातली. तिचे डोळे भरले होते, पण ती कांद्याचं निमित्त करून पदरानं पुसत होती.

शेवटी मला राहवलं नाही. तिरक्या नजरेनं पाहिलं. गंगा मातीच्या हातांनी शिळा भात खात होती. तिच्या बाजूला पानावर भाताचा आणखी एक ढीग काढलेला होता. त्यावर खोबऱ्याचा तुकडा होता, नागऱ्याचा. मला वाटलं, हा वाटा तिच्या आईचा. मी पुन्हा धबधब्याकडे बघू लागलो.

काही वेळानं पाहिलं तर तिनं तोही खाल्ला होता. खोबऱ्यासकट. मग ती पुरीकडे वळली.

निघायच्या आधी पाळीचं एक टोक फुटलं. "जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवला नाही आपण," गंगा म्हणाली. जागेश्वर म्हणाला, पुढच्या वर्षी ठेवू. डॉक्टरचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

दोन दिवसांनी आम्ही परत निघालो. त्या दोन दिवसांत कोणी गंगाला भरवलं नाही. मायनं प्रेमिलाला सांगून ठेवलं होतं. पोरगी कधी जेवली, कधी नाही. पण जेवली तेव्हा स्वतःच्या हातानं जेवली. प्रेमिलाला ते जड गेलं. ताट समोर ठेवून ती चुलीकडे तोंड करून बसायची.

सौंदडला गाडी पाण्यासाठी थांबली. माय उतरली, मातीवर बसली आणि फडकं सोडलं. मी डब्यातच थांबलो. गंगा माझ्याकडे न बघता उतरली आणि आजीशेजारी जाऊन बसली.

गार्ड तोच होता. झेंडा काखेत धरून आला. "आजी, झालं का?"

मायचं झालं होतं. ती फडकं झटकत होती. पण गंगाच्या हातात अर्धी भाकर होती आणि तोंड भरलेलं होतं. तिनं गार्डला हातानं थांबा म्हणून खूण केली.

गार्ड थांबला.